मामा म्हणणारा आवाज

“दादा, मुलगा झाला. तुझ्या डुकरांना सांगून ठेव, त्यांचा मालक आला.”

मित्रांनो, ऑकलंडहून समुद्र ओलांडून आलेला लोसेलीचा हा आवाज. माझ्या तारेतून उतरलेला पहिलाच. मी एक जुना लाल टेलिफोन आहे, टोंगा देशातल्या वावाऊ बेटावर तिच्या भावाच्या, पेनिसिमानींच्या घरातला. कारखान्यात माझं अंग घडलं, पण जीव आला तो त्या दिवशी. तेव्हा गावभर माझं कौतुक होतं. लग्न असो, मरण असो, आधी माझ्या कानी. पुढे खिशाखिशांत मोबाइल आले नि माझ्या अंगावर धूळ तेवढी राहिली.

आमच्याकडे बहिणीच्या मुलाचा मान मोठा. त्यानं काहीही मागावं, मामानं ‘कशाला’ म्हणू नये. म्हटलं तर बहिणीचा अपमान.

एका दुपारी मी वाजलो.

“मामा, ओळखलं नाहीस?”

“सायमोने?” भाच्याचं नाव पेनिसिमानींनीच पुरवलं.

“तोच रे. अडकलोय मी. आईला कळू देऊ नकोस.”

त्यांनी काही विचारलं नाही. त्यांना काचबिंदू होता. ऑपरेशनसाठी साठवलेले सगळे पैसे बाजारात जाऊन पाठवून आले. आवाज पुन्हा आला, तेव्हा डुकरंही विकली. मग तो आवाज आलाच नाही. मी काय करणार? माझ्यातून सगळे बोलतात, मला स्वतःचा आवाज नाही.

लोसेली विचारत राहायची, डोळे दाखवायला कधी येतोस. ते हसण्यावारी न्यायचे. “बघायला उरलंय काय? बेटावरच्या सगळ्या म्हाताऱ्या मला पाठ आहेत.”

उजेड हळूहळू गेला. आता परत येणार नाही. ते मला चाचपत शोधतात.

मित्रांनो, तुमच्या घरच्या म्हाताऱ्या माणसांना सांगा, समोरच्याचं नाव आपण सुचवू नका, त्याला सांगू द्या. पैसे मागितले की फोन ठेवा नि ओळखीच्या नंबरावर आपण लावा. आणि तुम्ही कुणाचे भाचे असाल तर आजच मामाला म्हणा, मला खुशाल विचार, मला राग येणार नाही. आमच्या घरात हे म्हणायचं राहून गेलं.

काल खऱ्या सायमोनेचा फोन आला. ऑपरेशन का टाळलंस, म्हणून रागावला. पेनिसिमानींनी मला दोन्ही हातांनी कानाशी धरलं. मग म्हणाले,

“तुझ्या नावानं कुणीतरी मागितलं, पोरा, नि मी सगळं दिलं. तो आवाज तुझा नव्हता, मला तेव्हाच कळलं होतं. पण ‘मामा’ म्हणणाऱ्याला ‘तू कोण’ असं विचारू कसा?”