त्रिकोणावर उभी राहिलेली

मी एक आकृती बोलतेय, गणिताच्या जाडजूड पुस्तकातली. लोक आमच्याकडे बघतात ते परीक्षेपुरतं, म्हणून आम्हाला बोलायची फारशी सवय नाही. सांभाळून घ्या.

माझा जन्म जेवणाच्या टेबलावर झाला. निवृत्त झालेले गणिताचे सर हे पुस्तक लिहीत होते आणि त्यांची नजर दिवसेंदिवस अधू होत होती. त्यांची लेक ते पुस्तक कंप्युटरवर, अक्षरजुळणीच्या सॉफ्टवेअरमध्ये घालत होती. मी म्हणजे तंबूच्या कापडासारखा, रेघांच्या जाळीने काढलेला एक वक्र पृष्ठभाग, पण माझ्याखालची जमीन त्रिकोणी. तिथेच माशी शिंकली. त्या सॉफ्टवेअरला चौकोनी जमीनच ठाऊक! लेकीने मला चौकोनावर ताणलं आणि त्रिकोणाबाहेरचा भाग छाटून टाकला. माझ्या कडेला दातेच दाते आले.

सरांनी भिंग लावून, कागदाला नाक टेकवून पाहिलं. "ही कड आहे की करवत?"

"बाबा, लोक चालवून घेतील हो."

"लोक घेतील. मी नाही. मला ही नीट झालेली बघायची आहे."

तिने माझी जाळी बारीक केली. कंप्युटर धापा टाकू लागला. दाते लहान झाले, पण गेले नाहीत. रोज नवा छापील कागद, रोज नकार. हट्टाला पेटलेला म्हातारा आणि त्याच्याच वळणावर गेलेली लेक! त्या खटाटोपात महिने गेले.

एका दुपारी सरच म्हणाले, "अगं, आपण कापतोय कशाला? जाळीच्या ओळीच आखूड करत जा. शेवटची ओळ म्हणजे नुसता ठिपका. चौकोनच चिमटून त्रिकोण कर."

तिने तसं केलं. माझी कड इतकी सफाईदार आली की मलाच माझी ओळख पटेना. कागद घेऊन ती धावत गेली. "बाबा, जमलं! बघा!"

सरांनी कागद डोळ्यांशी नेला. भिंग मागितलं नाही. बराच वेळ पाहून म्हणाले, "झकास. एकही दाता नाही."

मी कागदाच्या पलीकडच्या बाजूला होते, लेकीकडे तोंड करून. सर कोऱ्या बाजूकडे बघत होते.

लेक म्हणाली, "हो बाबा, एकही नाही."

माझ्या दात्यांपायी त्यांच्या डोळ्यांचे उरलेसुरले दिवस खर्ची पडले. तेवढ्या दिवसांत त्यांनी लेकीचा चेहरा तरी पोटभर पाहिला असता. याचं मला फार वाईट वाटतं.

माझ्या पानावर आलात तर घाई करू नका. माझी कड एकदा नीट बघा. जो त्यासाठी तळमळला, त्याला मी दिसलेच नाही.