मॅटिनीला गेलेला डबा

"परेश हल्ली गप्प गप्प असतो गं. नोकरीचं बरं चाललंय ना, विचार जरा," शेजारच्या सुनंदाकाकू अंकिताला म्हणाल्या होत्या.

अंकिता हसली. "काकू, मंदी अमेरिकेत आलीय. खांदा कॉलनीत नाही!"

मित्रांनो, तेव्हा मी ओट्यावर पालथा पडून निथळत होतो, आणि खरं काय ते मला ठाऊक होतं. मी तिचा तीन कप्प्यांचा स्टीलचा डबा. पनवेलच्या बाजारात तिने मला बोटाने वाजवून, कडी लावून-काढून पाहून घेतलं आणि झाकणावर नवऱ्याचं, परेशचं, नाव घातलं. परेश उरणकडच्या एका कंपनीत मालाचे कागद बघायचा. तिथे माझी काय वट होती! झाकण उघडलं की चौघांचे हात पुढे यायचे.

२००९ साली त्या कंपनीला टाळं लागलं. परेशने घरी सांगितलंच नाही. त्यांची प्रांजल नुकती रांगायला लागली होती आणि अंकिता तिच्या साध्या शिंकेनेही धास्तावायची. तो रोजच्या वेळेला निघे आणि दुपारी जुन्या टॉकीजमध्ये मॅटिनीला बसे. सगळे हसत तिथेही तो हसत नसे. घास उतरत नसे. माझ्यातलं सगळं बाहेरच्या कुत्र्यांपुढे ओतून मला नळाखाली धुई. घरी अंकिता खूश, "आज भेंडी आवडली वाटतं!" मला वाचा असती तर!

अंकिता अर्थशास्त्रात एम.ए. करत होती. निरनिराळ्या देशांत वर्षानुवर्षं बेकारी आणि सिनेमाला जाणं कसकसं बदललं, हा तिचा प्रबंधाचा विषय. मुलीला मांडीवर थोपटत ती आलेख काढायची. एका देशात बेकारी वाढली की तिकीटबारीवर गर्दी वाढे, दुसऱ्यात थिएटरं ओस पडत. पण कारण सांगायची घाई नाही. तिकिटाचे दर बघेल, घरोघरी टीव्ही कधी आले ते बघेल, मगच लिहील. फार कौतुक वाटायचं मला.

"नुसत्या आकड्यांवर नाही भागायचं, जाऊन बघायला हवं," म्हणाली, आणि एके दुपारी प्रांजलला कडेवर घेऊन आमच्याच टॉकीजला आली.

मध्यंतर होतं. दाराशी डोअरकीपर काशिराम तिला सांगत होता, "दुपारचं कोन येतंय ताई? कामधंदा नाय ती, नायतर प्रेमात पडलेली. तो डबेवाला साहेब कशातला, त्योच जाने!"

अंकिताने वळून पाहिलं. आधी परेशच्या मांडीवरच्या मला ओळखलं, मग त्याला.

आता कडाडणार, असं मला वाटलं. ती आत येऊन त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसली.

"जगभरच्या बेकारांची मोजदाद करतेय मी, परेश. आणि तू मलाच सांगितलं नाहीस?"

"तू झोपली नसतीस."

"आत्ता कुठे झोपते मी?"

दोघं हसली. हसता हसता तो रडला. तिने पोळीचा तुकडा मोडून त्याच्या हातात दिला. "खा आधी. बाकीचं घरी." प्रांजलने भाजीत हात घातला. कितीतरी दिवसांनी माझ्यातलं अन्न माणसाच्या पोटात गेलं.

उलव्याला एका बांधकामाच्या ऑफिसात त्याला काम मिळालं, पण बऱ्याच उशिराने. तोवर तो घरी जेवून, उघडपणे काम शोधायला जायचा. प्रबंधही पुरा झाला.

आता माझी कडी सैल झालीय. मी माळ्यावर असतो, थोडं वाईट वाटतं. पण मला घासूनपुसून ठेवा, असं म्हणणार नाही. तुमच्याही घरातून कुणी रोज वेळेवर निघत असेल, वेळेवर परतत असेल. आज त्या माणसाजवळ बसा. "कसं चाललंय?" विचारा, आणि उत्तर येईपर्यंत उठू नका.