नावावर आलेला अंगठा

मी एक बँकेचं कार्ड बोलतोय. मालकाचं नाव स्त्रातिस कमात्सोस, मुक्काम प्लोमारी, लेस्वोस बेट. माझ्यावर ते नाव ठळक उठवलेलं आहे, पण त्याचा रंग आता बराचसा उडालाय. तो कसा उडाला तेवढंच सांगतो, कारण माझ्याजवळ सांगण्यासारखं दुसरं फारसं काही नाही.

अथेन्समधल्या एका यंत्रातून मी बाहेर पडलो आणि पाकिटात बसून बोटीने इथं आलो. म्हाताऱ्याने मला उलटंसुलटं करून पाहिलं आणि सरळ संत निकोलसच्या तसबिरीमागे ठेवून दिलं. घरात जे काही हरवता कामा नये ते तो तिथंच ठेवतो. महिन्यातून एकदा पेन्शन काढायला मला बाहेर न्यायचा. बाकी सगळे दिवस मी दिव्याच्या तेलाचा वास घेत अंधारात पडलेला असायचो.

घरात दुसरं कोणी नव्हतं. बायको वारलेली, मुलगा कधीचाच जर्मनीत, डॉर्टमुंडला गेलेला. त्याला तिथं मुलगा झाला आणि त्या मुलाचं नावही स्त्रातिस कमात्सोस. आमच्याकडे पहिल्या नातवाला आजोबांचंच नाव ठेवतात, त्यात कोणी कोणाला विचारत नाही. त्यामुळे दोघांचा नामदिवसही, म्हणजे त्या नावाच्या संताचा सण, एकच, डिसेंबरातला. त्या दिवशी फोन वाजायचा.

"शुभेच्छा, स्त्रातिस आजोबा!"

"तुलाही रे, स्त्रातिस!"

एवढं बोलून दोघं खो खो हसायचे आणि फोन ठेवायचे. मग ईस्टरपर्यंत घर गप्प. मला तर वाटायचं, म्हातारा बोलायचंच विसरेल.

एका उन्हाळ्यात नातू सुट्टीला आला. परत जायच्या आधी त्याने म्हाताऱ्याच्या फोनवर फुटबॉलच्या सामन्यांवर पैसे लावायचं एक खातं उघडलं.

"दर रविवारी मी तिकडून फोन करतो आजोबा. दोघं मिळून ठरवू आणि लावू. पण एकदम किरकोळ हं, उगाच चेव चढू द्यायचा नाही!"

"मला सांगतोस? तुझ्या बापाला पोहायला मी शिकवलंय."

"त्याचा इथं काय संबंध?"

"काही नाही. सांगितलं आपलं."

खातं उघडताना नाव घातलं स्त्रातिस कमात्सोस. ते दोघांचंही होतंच. जन्मतारीख मात्र नातवाने हाताच्या सवयीने स्वतःची घातली. तेव्हा ते कोणाच्याच लक्षात आलं नाही.

मग रविवार उजाडायचे ते थाटात. म्हातारा दाढी करायचा, बाल्कनीत द्राक्षवेलीखाली बसायचा, फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा करायचा. बहुतेक वेळा दोघं हरायचे. हरल्यावर एकमेकांना शिव्या घालायचे आणि त्यात म्हाताऱ्याचा आवाज पार कोवळा होऊन जायचा. मी तसबिरीमागून ऐकायचो आणि मलाही बरं वाटायचं.

वसंतात एकदा सगळे अंदाज बरोबर आले. एकवीसशे युरो! म्हाताऱ्याने अशी आरोळी ठोकली की खालच्या गल्लीतलं कुत्रं भुंकायला लागलं.

"आजोबा, आता पैसे काढायचे आणि खातं बंद करायचं," नातू म्हणाला. "इथं थांबलेलं बरं. आणि तसंही मला आता रविवारी काम लागलंय. असं दर आठवड्याला जमणार नाही."

म्हाताऱ्याने फोन डब्याला पुन्हा नीट टेकवला. मग म्हणाला, "बरं."

पैसे द्यायच्या आधी त्या सट्ट्याच्या कंपनीने कळवलं की बँकेचं खातं तुमचंच आहे हे सिद्ध करा. कार्ड हातात धरून फोटो पाठवा, मधले आकडे झाका, नाव मात्र दिसलं पाहिजे. म्हाताऱ्याने फोटो काढून नातवाला पाठवायचा, नातवाने तो कंपनीला पाठवायचा, असं ठरलं. मी तर हरखून गेलो. भर उन्हात, वेलीखाली, माझा फोटो! पण तो फोटो परत आला.

"अहो आजोबा, अंगठा नावावर आलाय. आकडे झाकायचे होते."

"असं होय? परत काढतो."

दुसऱ्या फोटोतही अंगठा नावावरच. पुन्हा फोन, पुन्हा हसणं, मग थोडं हवापाण्याचं बोलणं. नंतरच्या फोटोतही तेच. म्हाताऱ्याचा जाड, खरबरीत अंगठा माझ्या नावावर दाबून बसायचा. मला वाटलं, वय झालं, हात कापतो. बिचाऱ्याची कीव आली.

एकदा त्याने हा कार्यक्रम मिर्सिनीच्या कॉफीच्या दुकानात केला. मिर्सिनी त्याला लहानपणापासून ओळखते. ती कंबरेवर हात ठेवून बघत राहिली.

"जन्मभर साबणाच्या कारखान्यात वड्यांवर छाप मारलेस, स्त्रातिस. छापाखाली कधी बोट आलं तुझं? दहाच्या दहा शाबूत आहेत. आणि आता या एवढ्याशा कार्डावर बरा अंगठा येतो!"

"तू कॉफी टाक."

"टाकते. पण पोराला खरं काय ते सांग."

"काय सांगू? पैसे नकोत, फोन तेवढा करत जा, असं? भीक मागू?"

कॉफीबरोबर मिर्सिनीने न मागता सुक्या अंजिरांची बशी ठेवली. म्हाताऱ्याने ती संपवली, मला पुन्हा हातात घेतलं आणि अंगठा बाजूला केला. नाव लखलखीत दिसलं.

तरीही पैसे अडलेच. कंपनी म्हणाली, नाव बरोबर आहे, पण बँकेच्या नोंदीनुसार कार्डवाला स्त्रातिस म्हातारा आणि जन्मतारखेप्रमाणे आमचा स्त्रातिस तरुण. तेव्हा हे बँकेचं खातं त्याचं नाही. नातवाने कपाळावर हात मारला. मग त्याने स्वतःचं ओळखपत्र दाखवलं, डॉर्टमुंडमधलं स्वतःचं बँकखातं दाखवलं आणि काम चुटकीसरशी झालं. पैसे आधी त्याच्याकडे गेले, त्याने लगेच आजोबांना पाठवले. खातं बंद झालं. एवढ्या फोटोंमधून माझ्याबद्दल काय सिद्ध झालं, तर मी त्याचा नव्हतो.

"हे पैसे तुझ्या तिकिटाला ठेवलेत," म्हातारा म्हणाला.

"बघू आजोबा, ऑगस्टमध्ये बघू."

ऑगस्ट आला नि गेला. म्हातारा अजून रविवारी दाढी करतो, फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवतो. फोन वाजत नाही. मला त्याचं फार वाईट वाटतं, पण कार्डाने काय करावं?

त्यात माझी मुदत संपली. पोस्टाने नवं कार्ड आलं, सोबत सूचना, की जुनं कापून टाका. रविवारी दुपारी म्हाताऱ्याने मला बाल्कनीत आणलं, शेजारी कात्री ठेवली. मी मनाची तयारी केली.

त्याने कात्री उचलली आणि परत खाली ठेवली. मग मला हातात धरलं, अंगठा नीट नावावर ठेवला, फोटो काढला आणि नातवाला पाठवून दिला.

बऱ्याच वेळाने फोन वाजला. मागे यंत्रांची घरघर होती.

"आजोबा, हे काय? पैसे मिळाले ना तुम्हाला? आता कोणी मागितलाय फोटो?"

"नाही मागितला कोणी?"

तिकडची घरघर हळूहळू दूर गेली, दार लागल्याचा आवाज आला.

"थांबा आजोबा," नातू म्हणाला. "मागितलाय. आत्ताच बघितलं मी. अंगठा नावावर आलाय म्हणतात, चालणार नाही. पुढच्या रविवारी परत पाठवा."

"हात कापतो रे हल्ली."

"कापू दे. त्यांना काही घाई नाही."

तेव्हापासून मी रविवारी उन्हात येतो. आता यंत्रात घातलं तर माझ्यातून एक युरोही निघणार नाही, आणि अंगठ्याखाली नावही झिजत चाललंय. कात्री तसबिरीजवळच पडून असते. उद्या हा म्हातारा नसेल आणि कोणी हे घर आवरायला येईल, त्यांना माझं एवढंच सांगणं आहे. मला कापायच्या आधी डॉर्टमुंडच्या त्या पोराला विचारा. माझ्यावर त्याचंही नाव आहे.