अधांतरी चकती

निपाणीपासून पाच-सहा किलोमीटरवरच्या त्या शाळेत विज्ञानाची खोली होती, म्हणजे दारावर तसं लिहिलेलं होतं. आत नागोजीच्या तंबाखूची पोती होती. नागोजी शाळा समितीचा अध्यक्ष. पोती हलवा म्हणायची हिंमत फक्त निवृत्त सिद्राम गुरुजींना होती, आणि ते आठवड्यातून दोनदा म्हणायचे. शेजारच्या वर्गातली मुलं शिंकायची, तेवढंच त्यांचं रसायनशास्त्र.

शेवटी नागोजी वैतागला. “गुरुजी, तुमची करिष्मा बेंगळूरात चार वर्सं लोहचुंबक करत्या म्हणं. डोळ्याला न दिसणारं! त्यानं एक वस्तू अधांतरी टांगून दाखवा. खोली मोकळी करतो.”

“पोरांदेखत बोला.”

नागोजी पोरांदेखत बोलला.

सुट्टीला आलेल्या लेकीनं कपाळाला हात लावला. “अप्पा, त्याला द्रव नायट्रोजन लागतो. उणे एकशे शहाण्णव अंश! इथं कोण देणार?”

“यल्लाप्पा.”

यल्लाप्पा गावोगाव फिरून म्हशींना कृत्रिम रेतन करायचा; वीर्य गोठलेलं राहावं म्हणून त्याच्या कॅनमध्ये द्रव नायट्रोजन असायचा. शनिवारी सकाळी तो मोटरसायकलला कॅन बांधून आला. मुलांनी त्याला घेरलं.

“ह्यात काय हाय हो?” आरोहीनं विचारलं.

“रेडे.”

“एवढ्याशा डब्यात?”

“चौदा हायत.” मग गुरुजींकडं वळून तो म्हणाला, “नायट्रोजन दोन पेले देतो. जास्त मागू नका, माल खराब हुतोय.”

करिष्मानं एक चुंबक आणि नखाएवढी चकती काढली. चकतीवर काळा, पातळ थर होता. गुरुजींनी फरशीवर खडूनं गोल काढले.

“हा थर गार झाला की त्यातून वीज बिनाअडथळा धावते. पण चुंबक जवळ असला की थरात चुंबकत्वाचे बारीक भोवरे शिरतात. भोवरे म्हणजे पहिलीची पोरं. प्रार्थनेला जागेवर उभी राहतात का?”

“न्हाईऽऽ!”

“त्यांची पळापळ झाली की वीज अडखळते. म्हणून करिष्मानं थरावर केसाहून शेकडो पट बारीक चुंबकाचे ठिपके मांडलेत, ह्या गोलांसारखे. एकेका ठिपक्यावर एकेक भोवरा बसतो. भोवरा हलला नाही की चकतीही हलत नाही.”

“पोरांपरास भोवरं गुणी की,” नागोजी म्हणाला.

उत्साहाच्या भरात गुरुजींनी स्वतःच चकती चिमट्यात धरून पहिल्या पेल्यात बुडवली आणि तशीच चुंबकावर नेली. चकती तरंगली, डगमगली आणि घसरून खाली पडली.

“अधांतरी न्हाई, माझ्या पायताणात!” नागोजीनं ती उचलून दिली.

गुरुजींचे कान तापले. चाळीस वर्षं शिकवून पोरांदेखत नापास! आता एकच पेला उरला होता.

“अप्पा, तुम्ही ती चुंबकापासून लांब गार केलीत,” करिष्मा हळूच म्हणाली. “भोवरे शिरलेच नाहीत. पोरं शाळेत आल्याशिवाय जागेवर कशी बसवणार?”

तिनं थर्माकोलच्या वाटीत चुंबक ठेवला, त्यावर पुठ्ठ्याचा तुकडा आणि पुठ्ठ्यावर चकती. दुसरा पेला ओतला. उकळी निवल्यावर पुठ्ठा ओढून काढला. चकती हवेत तशीच राहिली. मग तिनं चिमट्यानं चुंबक उचलून उलटा केला. चकती त्याच्याखाली, तांदळाएवढं अंतर राखून, लोंबत राहिली.

नागोजीनं मधून कागद फिरवला. कागद अडला नाही. तेवढ्यात थंडावा उतरला आणि चकती टपकन पडली.

“पडली!” नागोजी उडालाच. “टांगली म्हंजे टांगून ऱ्हायला पायजे. परत दाखवा.”

पोरांनी नागोजीची हुर्यो उडवली. तेवढ्यात नागोजीचा फोन वाजला. बायकोचा आवाज पार फाटकापर्यंत ऐकू गेला. “अवो, म्हस सकाळधरनं वरडत्या! यल्लाप्पा कुठं तडमडला?”

यल्लाप्पानं शांतपणे कॅनचं झाकण उचललं. “ओतू का आणि एक पेला? ओततो की. ह्यातलं रेडं गेलं म्हणून समजा. तुमची म्हस एकवीस दिसांनी परत माजावर येईल. तवर इज्ञान बघू.”

नागोजीनं कॅनकडं बघितलं, चकतीकडं बघितलं. गुरुजी आयुष्यात पहिल्यांदाच काही समजावून सांगायला गेले नाहीत.

“झाकण लाव आधी!” नागोजी ओरडला. मग त्यानं कमरेची किल्ली सोडली. “घ्या गुरुजी. पोती दुपारच्याला हलवतो.”

“आत्ता हलवा,” गुरुजी म्हणाले. “यल्लाप्पा तोवर चहा घेईल.”