कुंडलिकचं गुप्तदान

"दानाला पात्र मानूस मी चालीवरनं वळखतो," असं धसईच्या कुंडलिकनं भर चावडीत सांगितलं नि दावणीची गाय सोडून, तिला घेऊन म्हसा गावच्या जत्रेला निघाला.

कारणही तसंच होतं. त्याची आई धोंडूबाई अंथरुणाला खिळलेली, नि गोदान होईस्तोवर पेजेला तोंड लावणार नाय म्हणून हटून बसलेली. "भलत्याला दिलीस तर मी वैतरणीत बुडन, कुंडल्या," असं तिनं बजावलेलं.

जत्रेत दान घेणाऱ्यांचा तोटा नव्हता. पण एका भटजीनं आधी गायीची कास बघितली, तो बाद. एका गोसाव्यानं दूध किती देते विचारलं, तोही बाद. एकजण फार विरक्त वाटला, पण तो झोपलेला निघाला. ऊन कललं. घरी आई उपाशी, इथं गाय उपाशी, कुंडलिकचा पाय एका जागी ठरेना.

शेवटी चिंचेखाली एक म्हातारा दिसला. काही मागत नव्हता. गाय बघून त्यानं पुढ्यातला पेंढा तिच्याकडं सारला. कुंडलिकचे डोळे भरून आले. दान गुप्त असावं म्हणून त्यानं दोघांच्या हातांवर उपरणं टाकलं, म्हाताऱ्याच्या मुठीत दावं दिलं नि भक्तीनं त्याची बोटं दाबली.

आता गुरांच्या बाजारात कापडाखाली बोटं दाबली की भाव ठरतो, हे कुंडलिकला ठाऊक नव्हतं असं नाय. पुण्याच्या घाईत डोक्यातनं गेलं. म्हातारा होता जैतू दलाल.

"लय स्वस्तात दिलीस रे," जैतू म्हणाला नि गाय गिऱ्हाइकाच्या हवाली केली. गिऱ्हाईक म्हणजे तोच दुधाची चौकशी करणारा गोसावी.

हे दान आहे, असं कुंडलिक ओरडून सांगत होता. दान होतं तर बोटं कशाला चेपलीस, असं जैतूनं विचारलं. जमलेल्या लोकांनी, बोटं दाबल्यावर शब्द फिरत नाय, असा निवाडा दिला नि कुंडलिकच्या हातात पैसे कोंबले.

घरी आला तर आई पडवीत बसून पेज पीत होती. वाट बघून कंटाळली नि दारात आलेल्या पहिल्या माणसाला नांगराचा बैल देऊन मोकळी झाली.

"कोनाला दिलास, आये?"

"देवीची लस टोचनारा आलावता. माजा हात धरला, पन काय मागितलं नाय. त्याच्यापरीस सत्पात्र कोन?"

तिन्हीसांजेला बैल एकटाच परत आला. दान परत आलं म्हणून धोंडूबाईनं पेज बाजूला सारली नि पुन्हा आडवी झाली. बैल येताना शेजारच्या महादूच्या शेतातला सगळा वाल खाऊन आला होता, ते सकाळी कळलं.