आपण भरलेलं पॅराशूट

व्हर्ना कुचेराने कोटाचं वरचं बटण लावलं, पर्स मांडीवर घेतली आणि तपासणीच्या टेबलावर अंथरलेल्या कागदाची सुरकुती तळहाताने सपाट करत म्हणाली,

"आज नको. पुढच्या वेळी बघू."

ओडेसा प्रुइटने हातमोज्यांचा डबा होता तिथे परत ठेवला. ही तिसरी 'पुढची वेळ'. डिसेंबरात बर्फ आडवं आलं, जानेवारीत नवऱ्याचा गुडघा. आज तर बाईने निमित्त शोधायचेही कष्ट घेतले नव्हते.

"अजून रक्त जातंय का?"

"अधूनमधून. थोडंसं."

"थोडंसं म्हणजे किती?"

"थोडंसं म्हणजे थोडंसं! तू काय माझी सासू आहेस का?"

"पाळी जाऊन अकरा वर्षं झाली तुमची, सार्जंट. आता एक थेंबसुद्धा जायला नको." ओडेसा स्टूल ओढून तिच्यासमोर बसली. "बहुतेकींना काही निघत नाही. पण एखादीला कॅन्सर निघतो. लवकर कळला तर निस्तरता येतो. उशिरा कळला, तर मग मी हात चोळत बसण्यापलीकडे काही करू शकत नाही."

"तोंडावर बोलतेस हं."

"तुम्हाला गोडगोड चालत नाही म्हणून."

माजी सैनिकांच्या त्या दवाखान्यात बायकांचा विभाग दुसऱ्या मजल्यावर होता. चार खोल्यांचा. ओडेसा तिथली नर्स प्रॅक्टिशनर. तपासणं, निदान करणं, औषध लिहून देणं, सगळं तिचंच; तरी खालच्या मजल्यावरचे म्हातारे लिफ्टमध्ये भेटले की हटकून विचारत, "नर्सबाई, डॉक्टर कधी येतात?" पूर्वी ती चिडायची. आता म्हणायची, "आलेत, तुमच्याशीच बोलतायत." आल्याआल्या तिने टेबलं फिरवून घेतली होती, दार चुकून उघडलं तरी बाहेरच्याला काही दिसू नये म्हणून. दाराला आतून कडी बसवून घेतली होती. आणि विचारल्याशिवाय ती कुणाच्या मनगटालाही हात लावत नसे.

व्हर्नासाठी तेवढं पुरत नव्हतं. तेवीस वर्षांची असताना छावणीतल्या दवाखान्यात एका डॉक्टर कॅप्टनने तपासणीच्या नावाखाली तिच्याशी जे केलं, ते तिने गेल्या वर्षी ओडेसाला एका वाक्यात सांगितलं होतं, खिडकीबाहेर बघत. त्यानंतर ती कुठल्याही टेबलावर बसली ती कोटासकट. रक्तदाब मोजू द्यायची, बाहीवरून.

आत्ताही ती खिडकीबाहेरच बघत होती. खाली पार्किंगमध्ये एक लांबलचक पांढरी गाडी उभी होती, मागच्या दाराला पायऱ्या लावलेली.

"ती गाडी कसली?"

"छातीचे फोटो काढायची. मॅमोग्राम. महिन्यातून दोनदा येते. सकाळपासून अकराजणी जाऊन आल्या. मीच फोन करकरून बोलावते एकेकीला."

"तू पण नेव्हीतली ना? म्हणजे तुलाही चालते ती."

"चालते की."

"मग तू कधी गेली होतीस?"

ओडेसाने खण उघडला, त्यात बघितलं आणि बंद केला.

"मी काहीतरी विचारलं," व्हर्ना म्हणाली.

"झाली असतील सात वर्षं. वेळच मिळत नाही हो. एकीमागून एक पेशंट..."

"गाडी दाराशी उभी आहे आणि हिला वेळ नाही! काय बाई म्हणायचं."

ओडेसाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. ती बोलणार नव्हती. पेशंटसमोर आपलं रडगाणं गायचं नसतं, हे ती नव्या मुलींना शिकवत असे. पण समोरची बाई नजर हलवायला तयार नव्हती.

"माझी आई चोपन्नाव्या वर्षी गेली. छातीतच गाठ होती. एप्रिलमध्ये मी चोपन्नची होईन." ती थांबली. "मला भीती वाटते. झालं समाधान?"

व्हर्नाने पुन्हा कागदावरून हात फिरवला. तिचे हात मोठे होते, नखं बारीक कापलेली. गावात ती ट्रेलरची आच्छादनं शिवायची.

"बावीस वर्षं सैन्यात मी काय केलं, ठाऊक आहे ना तुला?"

"पॅराशूटं भरलीत."

"भरलीत म्हणे! अगं, चाळीस फुटी टेबल असायचं. कापड पसरायचं, दोऱ्या मोजायच्या, एकेक घडी हाताने सपाट करायची. मग सही. आणि कर्नलच्या मनात आलं की यायचा, ढिगातल्या एकावर बोट ठेवायचा, 'सार्जंट, हे.' की तेच पाठीला बांधायचं आणि विमानात चढायचं. आपण भरलेल्या पॅराशूटने आपणच उडी मारायची. नाही म्हटलंस तर दुसऱ्या दिवसापासून त्या टेबलाला हात लावायचा नाहीस."

"किती वेळा मारलीत?"

"एकसष्ट. दर वेळी चड्डीत व्हायची वेळ यायची." ती हसली नाही. "तू अकरा बायकांना त्या पायऱ्या चढवलंस. मला या टेबलावर चढवायला बघतेस. आणि स्वतः?"

"माझ्या छातीचा आणि तुमच्या रक्ताचा संबंध काय? मी गेले न गेले, तुम्ही तपासून घ्यायलाच हवं."

"हवंच. पण मी घेणार नाही." व्हर्नाने कोटाच्या वरच्या बटणावर बोट ठेवलं. "तू जा. तू गेलीस की हे निघतं."

दारावर टकटक झाली. पुढच्या काउंटरवरची ग्लेनिस यादी घेऊन उभी होती. साडेअकराची बाई येत नाही, गाडी बाराला निघणार, आणखी कुणाला बोलवायचं का?

दोघी ओडेसाकडे बघत राहिल्या, एक कारण ठाऊक असलेली आणि एक नसलेली.

"माझं नाव घाल," ओडेसा म्हणाली.

ग्लेनिसने भुवया उंचावल्या. पण ती शहाणी, तिने यादीत नाव लिहिलं.

खाली वारा नुसता बोचत होता. पायऱ्यांपाशी ओडेसाने पांढरा कोट उतरवला आणि ठेवायचा कुठे म्हणून इकडेतिकडे बघितलं. व्हर्नाने हात पुढे केला. आत मशीनच्या दोन तक्त्यांमध्ये छाती दाबून घेत, श्वास रोखून उभी असताना ओडेसाला आईचे हात आठवले, शेवटच्या महिन्यात बारीक झालेले. तिला रडू आलं. मशीनवाली मुलगी म्हणाली, "दुखतंय का?" ओडेसा म्हणाली, "हो." सोपं उत्तर होतं.

ती बाहेर आली तेव्हा व्हर्ना तशीच वाऱ्यात उभी होती. हातातल्या कोटाची तिने चौकोनी, एकही सुरकुती नसलेली घडी घातली होती.

"हं," तिने कोट दिला. "चल आता. माझी पाळी."

वर गेल्यावर तिने स्वतःच बटणं काढली, वेळ लावून, वरपासून खालपर्यंत. ग्लेनिसला उशाशी थांबायला सांगितलं. ओडेसा करायच्या आधी प्रत्येक गोष्ट सांगत गेली. दोनदा व्हर्ना म्हणाली, "थांब," आणि दोन्ही वेळा ओडेसा थांबली, हात पूर्ण मागे घेऊन. तिसऱ्यांदा व्हर्ना काही म्हणाली नाही. ग्लेनिसचा पंजा मात्र तिने असा आवळला की पुढे दोन दिवस ग्लेनिस डाव्या हाताने टाइप करत होती. गर्भाशयाच्या आतल्या अस्तराचा बारीकसा तुकडा बाटलीत गेला, बाटलीवर नाव लागलं.

"झालं," ओडेसा म्हणाली.

"झालं? एवढंच?"

"एवढंच."

व्हर्ना उठून बसली. पांघरायला दिलेल्या चादरीत तिने तोंड खुपसलं आणि बराच वेळ बाहेर काढलं नाही.

"अडतीस वर्षं," ती चादरीतूनच म्हणाली. "मेल्याने अडतीस वर्षं खाल्ली माझी."

ओडेसा स्टूलवर बसून राहिली. पुढची पेशंट वीस मिनिटं ताटकळली. ताटकळू दे, ओडेसा म्हणाली.

नऊ दिवसांनी तिने व्हर्नाला फोन लावला. पलीकडे शिलाई मशीन धडधडत होतं.

"रिपोर्ट आला, सार्जंट. कॅन्सर नाही. आत मांसाचा साधा कोंब वाढलाय, त्यातूनच रक्त जात होतं. छोट्या ऑपरेशनने काढून टाकतील. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरीणबाईंशी मी बोललेय, तुमच्याबद्दल जे सांगायला हवं तेवढं सांगितलंय."

मशीन थांबलं.

"परत सांग."

ओडेसाने परत सांगितलं. पलीकडून नाक शिंकरल्याचा आवाज आला, मग नवऱ्याला ओरडून दिलेली बातमी, मग त्याचं कुठल्यातरी कोपऱ्यातून आलेलं "देवा रे!"

"जर्दाळूची कोलाची, आमच्याकडचे गोड पाव, भाजून आणते तुम्हा सगळ्यांना," व्हर्ना म्हणाली. "ग्लेनिसला दोन जास्त, हातासाठी. आणि तुझा आला?"

टेबलावर ते पत्र उघडंच पडलं होतं. ओडेसाने ते उलटं केलं.

"परत बोलावलंय. डाव्या बाजूला काहीतरी दिसतंय, आणखी फोटो काढायचेत, लागलं तर सुई घालून बघतील." आणि मग रोजच्या कामाच्या आवाजात, "बहुतेकींना काही निघत नाही."



"कधी आहे?"

"मंगळवारी. लिंकनच्या हॉस्पिटलात, नऊ वाजता."

"कोण येतंय बरोबर?"

"कुणी नाही हो. तासाभराचा तर रस्ता. जाईन मी, आणि तुम्हाला उगाच कशाला..."

"साडेसातला तुझ्या दाराशी येते," व्हर्ना म्हणाली. "गाडी मी चालवणार. कोट मी धरणार."

ओडेसाने 'नको' म्हणायला तोंड उघडलं. या खोलीत हा शब्द तिने इतक्या बायकांकडून ऐकला होता, आणि त्याच्यामागे काय असतं तेही तिला चांगलं ठाऊक होतं. तिने डोळे पुसले.

"पत्ता लिहून घ्या," ती म्हणाली.