उघडा पंख

झाकरने हातमोजा काढला आणि विमानाच्या डाव्या पंखावर तळवा फिरवला. किसणीवर हात फिरावा तसं लागलं. नदीवरचं धुकं रात्रभर तिथे गोठून बसलं होतं. उजव्या पंखावर पांघरूण होतं. डाव्याचं काल त्यानेच काढून दिलं होतं, ओकलीनामामीला मासेमारीच्या तळावरून बर्फावरच्या स्लेजगाडीवर आणताना गुंडाळायला.

आताही मामी त्यातच गुंडाळून विमानात मागे आडवी पडली होती. पोटाला हात लावू देत नव्हती. इस्पितळ शहरात, आणि शहर विमानाने तासाभरावर.

"चोळ आणि निघ," एव्हॉनमामा म्हणाला. त्याने घोंगडीची एक जुनी पट्टी पुढे केली. झाकरचे वडील तिनेच पंखावरचं बर्फ चोळून गुळगुळीत करायचे आणि उडायचे. नदीकाठचे सगळेच जुने वैमानिक तसं करत.

"चोळून भागत नाही, मामा. वरून चकाकतं, पण पंख विमान उचलत नाही. धावपट्टी संपली की समोर झाडं आहेत."

"तुझा बाप जन्मभर असाच उडाला. मेला तो अंथरुणात."

"त्याचं नशीब."

"नशीब नाही, छाती म्हण. शहरात शिकून आलास ते काय, घाबरायला?"

"त्याचं त्याला करू द्या हो," आतून मामी म्हणाली. आवाज जेमतेम बाहेर आला.

झाकरने पंखावरून दोर टाकला आणि करवतीसारखा ओढू लागला. बर्फ चिवट होतं. दोर, मग झाडू, मग पुन्हा दोर. मामाने हात लावला नाही. तो पट्टी धरून नुसता उभा राहिला. मामीचं कण्हणं ऐकू आलं की झाकरचे हात थांबायचे, आणि मग तो जास्तच जोराने ओढायचा. ऊन झाडांच्या वर आलं तेव्हा कुठे पत्रा उघडा पडला.

विमान सहज उचललं गेलं. झाडं पार खाली राहिली.

"बघ," मामा खाली पाहत म्हणाला, "अर्ध्या धावपट्टीतच उठलं. उगाच वेळ घालवलास."

न पडलेलं विमान कुणाला दाखवणार?

इस्पितळातला डॉक्टर म्हणाला, काही तास आधी आणायला हवं होतं. मामी संध्याकाळी गेली.

दुसऱ्या दिवशी तिला घरी न्यायचं होतं. पांघरूण तिच्याच अंगावर राहिलं होतं, त्यामुळे डाव्या पंखावर पुन्हा बर्फ धरलं होतं. झाकर दोर घेऊन येतो तर मामा आधीच शिडीवर चढलेला. घोंगडीची पट्टी दोरासारखी ओढून तो पंख खरवडत होता, नुसता चोळत नव्हता. पत्रा दिसला तरी थांबेना. मग हातमोजा काढून त्याने उघडा तळवा सगळीकडे फिरवला, आणि एका जागी पुन्हा घासायला लागला.

"पुरे, मामा. साफ झालंय."

मामाने वळून पाहिलं नाही.

"असू दे," तो म्हणाला. "आज कुणाला घाई आहे?"